काळा तेवढा राहिला

कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी परत हातात येतो. सोंगटी गेली की तो उचलायचा, लाइनीवर हव्या त्या जागी सरकवायचा, बोटांना पावडर चोळायची आणि नव्यानं नेम धरायचा. मागच्या शॉटला काय घोळ घातला होता हे कुणी विचारत नाही. पूलमध्ये व्हाइट, म्हणजे स्टिकनं मारायचा पांढरा बॉल, जिथं थांबली तिथं थांबली. पुढचा शॉट तिथूनच. हौशी पूल खेळाडूची सगळी रडकथा या एका नियमातून निघते, आणि वर्षानुवर्षं खेळूनही हा नियम त्याला मनातून पटलेला नसतो. बॉल पॉकेटात पडला की त्याच्या लेखी काम झालं. मग तो सावकाश मान वर करतो आणि व्हाइट कुठं गेली ते बघतो, जणू ती त्यानं मारलीच नव्हती.

ज्यांची या खेळाशी ओळख हिंदी सिनेमातल्या व्हिलनच्या अड्ड्यापुरतीच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एट-बॉल नावाच्या प्रकारात टेबलावर व्हाइट सोडून पंधरा बॉल असतात. एक ते सात एकरंगी, नऊ ते पंधरा पट्टेवाले, आणि आठ नंबरचा काळा. एकानं एकरंगी घालायचे, दुसऱ्यानं पट्टेवाले, आणि आपले सात संपले की शेवटी काळा. काळा मध्येच गेला तर डाव गेला. काळ्याबरोबर व्हाइट गेली तरी डाव गेला. आता एखाद्यानं ब्रेक केला, म्हणजे मांडलेला डाव फोडला, आणि तिथपासून एकही शॉट न चुकता, समोरच्याला खुर्चीतून उठूही न देता टेबल साफ केलं, तर त्याला म्हणायचं खेळाडू. कॅरमवाल्यांच्या भाषेत हा व्हाइट स्लॅम. गणपतीतल्या कॅरम स्पर्धांत असा एखादा पठ्ठ्या दर वाडीत निघतोच; दिवसा पोस्टात शिक्के मारतो आणि रात्री बोर्डावर कुणाला उभं राहू देत नाही. पूलच्या टेबलावर तसली माणसं क्वचित दिसतात. बाकीचे आम्ही सगळे पाच घालून बसतो. कधी सहा. मग ती हकिकत आठवडाभर चालते, आणि त्यात गेलेल्या सहा बॉलांना एक वाक्य असतं, पॉकेटच्या तोंडाशी येऊन थबकलेल्या सातव्याला अख्खा परिच्छेद.

हे असं का होतं याचं उत्तर साध्या गणितात आहे. समजा, एखादा माणूस दहातले नऊ शॉट घालतो. असा माणूस आमच्या पार्लरमध्ये आला तर त्याच्या चहाचे पैसे कुणी त्याला देऊ देणार नाही. पण आठ बॉल लागोपाठ घालण्याची त्याची शक्यता किती? ०.९ चा आठवा घात, म्हणजे ०.४३. निम्म्याहूनही कमी. दहातले आठ घालणाऱ्याला हे जमणार साधारण सहा वेळांत एकदा. दहातले सात घालणाऱ्याला सतरा वेळांत एकदा. आणि जो खरोखर आपल्यासारखा आहे, म्हणजे एक घालतो आणि एक सोडतो, त्याला २५६ वेळांत एकदा. शिवाय ब्रेकवर एखादा बॉल पडलाच पाहिजे आणि सगळे शॉट सारख्याच अवघड जागी आले पाहिजेत, हे यात गृहीत धरलेलं आहे. एका इंजिनिअरिंगच्या पोरानं हा हिशेब मोबाइलवर करून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर त्याच्याशी खेळायला कुणी लवकर तयार होईना.

पण त्या पोराच्या गणितात एक गोम आहे, आणि तिच्यावरच या लेखाचा डोलारा उभा आहे. टेबल साफ करणारा माणूस अवघड शॉट जास्त घालतो म्हणून साफ करत नाही. त्याच्यासमोर अवघड शॉट येतच नाहीत. त्याची व्हाइट दर वेळी अशा जागी थांबते की पुढचा बॉल लहान पोरानंही घालावा. आमच्याकडे उलटं. आमच्यासमोर दर वेळी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाचा, कडेच्या कुशनला चिकटलेला, मध्ये दोन बॉल आडवे आलेला शॉट असतो, आणि तो तसा आहे याचं कारण आम्हीच आधीच्या शॉटला व्हाइट तिथं पाठवलेली असते. तो शॉट चुकून गेलाच तर आजूबाजूच्या टेबलांवरून "वाऽ" येतं. म्हणजे पार्लरमधली बरीचशी वाहवा ही मुळात वाईट खेळाला मिळालेली दाद असते. हे ज्यानं ओळखलं त्याला वाहवेची चव लागेनाशी होते. म्हणूनच बहुधा कुणी ते ओळखत नाही.

आता जागेबद्दल. पूल हा अमेरिकेतला खेळ, पण पुण्यात कॉलेजांच्या आजूबाजूला तो आता पुरेसा मुरला आहे. झेरॉक्सच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर, नाहीतर इमारतीच्या तळघरात, चार टेबलं, टेबलांवर लोंबणारे दिवे, भिंतीवर 'धूम्रपान करू नये' आणि त्याखाली ॲशट्रे म्हणून वापरलेला चहाचा कप. तासाचे पैसे. हरणाऱ्यानं द्यायचे. सगळ्यांवर नजर ठेवणारा एक मार्कर. जिमखान्यांच्या बिलियर्ड रूममध्ये मार्कर गुण मांडायचा. इथं तो वेळ मांडतो. सगळ्या टेबलांची वेळ त्याच्या डोक्यात असते आणि तुमचा तास संपायला दोन मिनिटं उरली की तो टेबलाजवळ येऊन उभा राहतो. बोलत काहीच नाही. तुम्ही नेमक्या त्याच वेळी काळ्यावर नेम धरलेला असतो.

खेळाची सुरुवात स्टिक निवडण्यापासून होते. भिंतीवरच्या रॅकमधून एक स्टिक काढायची, टेबलावर आडवी ठेवून लाटण्यासारखी फिरवायची आणि ती थरथरते का ते बघायचं. थरथरते. मग दुसरी. तीही थरथरते. तिसरीच्या टोकाला चामडंच नसतं. शेवटी माणूस पहिलीच घेतो, कारण तिचा वाकडेपणा एव्हाना ओळखीचा झालेला असतो. हे सगळं तो इतक्या गंभीरपणे करतो की बघणाऱ्याला वाटावं, याचा खेळ स्टिकच्या सरळपणावर अवलंबून आहे. घरून स्वतःची स्टिक आणणारेही असतात. दोन तुकड्यांची, काळ्या लांबुळक्या पिशवीतली. तिची जोडणी करताना ते आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघतात. तो माणूस तुमच्याशी खेळणार असेल तर घाबरून जाऊ नये. पिशवी विकत मिळते.

मग खडू. हा शाळेतला खडू नव्हे. विल्यम स्पिंक्स नावाच्या अमेरिकन बिलियर्डपटूनं एका रसायनतज्ज्ञाला हाताशी धरून १८९७ साली सिलिका आणि एक घासणारी भुकटी मिसळून तो तयार केला, तेव्हापासून स्टिकचं टोक बॉलवरून घसरणं कमी झालं आणि व्हाइटला मनासारखी फिरकी देणं सोपं झालं. अर्थात खडू शॉटच्या आधी लावायचा असतो. हौशी माणूस तो शॉट चुकल्यावर लावतो. बॉल कुशनवर आपटून परत आला की तो आधी बॉलकडे बघतो, मग स्टिकच्या टोकाकडे, मग नकारार्थी मान हलवत तो निळा ठोकळा उचलतो आणि टोकावर इतका वेळ घासतो की बसलेला दोस्त विचारतो, "अरे, आता पाळी माझी आहे ना?"

ब्रेकचंही तसंच. पंधरा बॉल तिकोनात बांधून ठेवलेले, त्यांच्याकडे बघताना सभ्य, संसारी, ईएमआय भरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी पेटतं. ज्याला ऑफिसात "जरा मोठ्यानं बोला" असं सांगावं लागतं तो माणूस इथं खांद्यापासून स्टिक फेकतो. बॉल टेबलभर सैरावैरा धावतात, दोन-तीन कुशनवर आपटून परत जमतात, आणि व्हाइट टेबलावरून उडून शेजारच्या टेबलाखाली जाते. मग "भाऊ, जरा व्हाइट द्या ना" असं म्हणत त्यांचा चाललेला डाव थांबवायचा. व्यावसायिक खेळाडू ब्रेकला व्हाइट पुढच्या बॉलवर भरगच्च बसवतात आणि ती टेबलाच्या मध्यावर थांबवतात. त्यांच्याइतका जोर आपल्यात नाही असं आपण समजतो. खरं तर त्यांच्याइतका आळस आपल्यात नाही. व्हाइट मध्यावर थांबली की पुढची निम्मी पायपीट वाचते.

ब्रेक झाला, एक बॉल पडला, आता एकरंगी घ्यायचे की पट्टेवाले? इथं हौशी माणूस ताबडतोब पॉकेटच्या तोंडाशी टेकलेले बॉल मोजतो. ज्याचे जास्त, ते आपले. मग ते सगळे तो आधी घालतो. टप, टप, टप. पंगतीत बसल्या बसल्या जिलेबी संपवून पुढं वरणभाताकडे बघत बसणाऱ्याची जी गत होते, तीच याची. टेबलाच्या कोपऱ्यात त्याचे दोन बॉल एकमेकांना आणि काळ्याला चिकटून बसलेले असतात, आणि ते पहिल्या क्षणापासून तिथंच होते. जाणता खेळाडू त्या गुंत्याकडे आधी बघतो. पॉकेटच्या तोंडाशी असलेला बॉल कुठं पळून जाणार नाही. तो तिथं असेपर्यंत समोरच्याचं ते पॉकेट अडलेलं असतं, शिवाय अडचणीच्या वेळी तो हमखास घालता येतो. गुंता मात्र आपण होऊन सुटत नाही. त्यामुळे व्हाइट जवळून जाणार असेल तेव्हाच, हाताशी एक सोपा बॉल राखून, तो फोडायचा. हे कळायला अक्कल लागते असं नाही. पण तोंडाशी आलेला बॉल न घालता सोडायला जो संयम लागतो तो आमच्या पिढीत कुणी शिकवला नाही.

आणि मग फिरकी. व्हाइटला वर मारली की ती बॉल घालून पुढं जाते, खाली मारली की मागं येते, बाजूला मारली की कुशनला लागून भलत्याच दिशेनं वळते. या सगळ्याचं शास्त्र आहे. गॅस्पार कोरिऑलिस, ज्याच्या नावाच्या परिणामामुळे वारे वळतात हे आपण भूगोलात पाठ केलं, त्यानं १८३५ साली बिलियर्डच्या बॉलांच्या गतीवर एक अख्खं गणिती पुस्तक लिहिलं. व्यवहारात त्यातल्या दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ. व्हाइट फिरकीशिवाय, घसरत जाऊन बॉलला तिरकी लागली तर बॉल जिकडे जातो त्याच्याशी काटकोनात ती सुटते. आणि व्हाइट नुसती गडगडत जाऊन साधारण अर्ध्या बॉलवर बसली तर ती आपल्या मूळ वाटेपासून तीसेक अंशांनी वळते. एवढ्यावर निम्मा खेळ होतो. सोप्या शॉटला मधोमध बसणारी, लागल्या जागी गप्प उभी राहणारी व्हाइट ही जगातली सर्वांत उपयोगी गोष्ट. पण तिच्यात बघण्यासारखं काही नाही. म्हणून आमच्याकडची पोरं स्क्रू मारतात. व्हाइटच्या पार बुडाशी स्टिक खुपसून ती मागं खेचायची. ती येते, खरंच येते, डोळ्यांचं पारणं फिटावं अशी सपकन मागं येते आणि थेट मागच्या पॉकेटात पडते. "पण स्क्रू बघितलास ना?" असं म्हणत पोरगं खुर्चीवर जाऊन बसतं.

मोबाइलमुळे हा आजार वाढला आहे. फिलिपाइन्सचा एफ्रेन रेयेस अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध व्हाइट कुशनांवरून इंग्रजी झेडच्या आकारात फिरवून अडलेला बॉल घालतो, ती चित्रफीत आमच्या पार्लरमध्ये कुणाला पाठ नाही असं नाही. अडलेल्या माणसाचा नाइलाज म्हणून रेयेसनं मारलेला तो शॉट इथं लोक सरळ रस्ता मोकळा असताना मारतात. रेयेसनं कितीतरी डाव एकही असला शॉट न मारता साफ केले असणार. त्यांच्या चित्रफिती कुणी एकमेकांना पाठवत नाही.

आमच्याकडे एक काका येतात. बँकेतून निवृत्त, पांढरा हाफ शर्ट, चष्मा दोरीला. दुपारी तासाचा दर कमी असतो तेव्हा येतात. त्यांना खेळताना पहिल्यांदा बघितलं की वाटतं, हे काय खेळतायत? एक बॉल जवळच्या पॉकेटात. व्हाइट वीतभर सरकते. दुसरा बॉल जवळच्या पॉकेटात. व्हाइट जागेवर थांबते. ते दोन पावलं चालतात, चष्मा सारखा करतात, वाकतात. स्टिक दोनदा पुढंमागं. तिसरा. कुशनला व्हाइट लागण्याचा प्रसंग फारसा येतच नाही. आवाज इतका हळू की शेजारच्या टेबलावरचं स्क्रूप्रेमी पोरगं वळूनही बघत नाही. आणि मग एकदम लक्षात येतं, टेबलावर फक्त समोरच्याचे बॉल उरलेत आणि काका काळ्यापाशी पोहोचलेत. काळाही वीतभरावरच असतो. एका पोरानं न राहवून विचारलं, "काका, तुम्हाला सगळे सोपेच शॉट कसे येतात?"

"हा सोपा यावा म्हणून तर मागचा मारला."

"मग मागचा?"

"तो ह्याच्यासाठी."

पोरगं विचारात पडलं. त्यानं पुढच्या डावाला व्हाइट कुठं थांबवायची ते ठरवून शॉट मारला. व्हाइट नेमकी तिथंच थांबली. बॉल गेला नाही.

काका बिलियर्डवर वाढलेले. त्यांच्या लेखी पूल म्हणजे मोठी भोकं असलेलं लहान टेबल. तसं बघायला गेलं तर ते बरोबर आहे: बिलियर्ड-स्नूकरचं टेबल बारा फुटी, पूलचं नऊ फुटी किंवा त्याहून लहान, आणि पॉकेटं बॉलच्या मानानं ऐसपैस. स्नूकर तर इथंच जन्मलं, जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, १८७५ साली. पावसाळ्यात करायला दुसरं काही नव्हतं म्हणून नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं बिलियर्डच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवत नेले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सनी १९५८ साली बिलियर्डचं जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच. आणि मुंबईच्या मायकल फरेरांनी १९८१ साली पद्मश्री नाकारली, कारण सुनील गावसकरांना पद्मभूषण दिलं होतं आणि आपलं कर्तृत्व कमी नाही असं त्यांचं म्हणणं होतं. दोन वर्षांनी सरकारनं त्यांनाही पद्मभूषण दिलं. काकांना फरेरांचा विषय काढला की फार बरं वाटतं. "क्रिकेटमध्ये अकरा जण लागतात," एवढंच ते म्हणतात आणि खडू लावतात. शॉटच्या आधी.

बाहेरच्या जगात काय चालतं ते ऐकलं तर आपलं पाच-सहा बॉलांचं दुःख फारच घरगुती वाटतं. विली मोस्कोनीनं १९५४ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका प्रदर्शनी सामन्यात लागोपाठ ५२६ बॉल घातले. कितीतरी दशकं तो आकडा कुणी ओलांडला नाही. मग जेसन शॉ नावाच्या स्कॉटिश खेळाडूनं २०२२ साली ७१४ घातले. मोस्कोनी हाच 'द हसलर' या १९६१ च्या सिनेमात पॉल न्यूमनला स्टिक धरायला शिकवणारा माणूस. आणि तो स्ट्रिकलंड, रेयेसचा झेड ज्याच्यासमोर झाला तो, त्याची हकिकत तर मराठी माणसाला जास्त जवळची वाटेल. १९९६ साली डॅलसला एका स्पर्धेत नाइन-बॉल या प्रकाराचे लागोपाठ दहा डाव साफ करणाऱ्याला दहा लाख डॉलर जाहीर झाले होते. कुणाला जमणार नाही याच भरवशावर. स्ट्रिकलंडनं ते करून दाखवलं. बक्षिसाचा विमा उतरवला होता. विमा कंपनीनं हरकत काढली आणि प्रकरण वादात अडकलं. दहा डाव साफ करणं एक वेळ सोपं, क्लेम पास करून घेणं अवघड, हे ऐकून आमच्या मार्करला स्ट्रिकलंडबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

आपण मात्र आपल्या टेबलावर परत येऊ, जिथं तीन बॉल उरलेत. दोन आपले आणि काळा. इथं खेळ बदलतो. चार बॉल अगदी सहज गेलेले असतात, कारण चार बॉलांपर्यंत आपण टेबल साफ करतोय हे डोक्यात आलेलं नसतं. पाचव्यानंतर ते येतं. ज्या हातानं मघाशी बेफिकीरपणे स्टिक सोडली त्या हाताला अचानक बोटं फुटतात आणि प्रत्येक बोटाचं मत वेगळं असतं. समोरचा दोस्त, जो इतका वेळ मोबाइलमध्ये होता, तो मोबाइल खाली ठेवतो आणि प्रेमळ होतो. "आरामात. काही घाई नाही." आजवर घाई नाही असं ऐकून कुणाचं भलं झालं आहे? पुढं तो म्हणतो, "सोपाच आहे." मग, "टेबल साफ करतोस की काय आज?" हे शेवटचं वाक्य पार्लरमध्ये शस्त्र म्हणून वापरलं जातं. त्यावर "गप रे" म्हटलं तरी हरलात, नाही म्हटलं तरी हरलात. शेजारच्या टेबलावरचे दोघं तोवर स्टिकांवर हनुवट्या टेकवून उभे असतात. त्यांना तुमचं चांगलं व्हावं असं वाटत नाही आणि वाईट व्हावं असंही वाटत नाही. त्यांना काहीतरी व्हावं असं वाटतं.

या वेळी ज्या बॉलाकडे बघायचं तो काळा नसतो. काळ्याच्या आधीचा शेवटचा बॉल खरा. तो कुठं आहे, तो घातल्यावर व्हाइट आपोआप काळ्यासमोर येईल का, हे टेबल उघडं असतानाच ठरवून त्याला शेवटपर्यंत राखून ठेवायचा असतो. काका असंच करतात, काळ्यापासून सुरू करून उलट मोजत येतात. हौशी माणूस पुढून मोजतो, त्यामुळे त्याच्या हिशेबात काळ्यापाशी पोहोचेपर्यंत बोटंच संपतात. सातवा बॉल गेला, जल्लोष झाला, आणि व्हाइट काळ्याच्या बरोब्बर मागं जाऊन कुशनला गाल लावून बसली. आता काळा इकडे, व्हाइट तिकडे, मध्ये समोरच्याचे पाच पट्टेवाले. त्यानं तुमच्यासाठी एकही बॉल न घालता ठेवलेले. जो खेळात कमी पडला तो अडवणुकीत असा कामाला येतो.

मग जे होतं त्याला कारणं लागतात. टेबल डावीकडे उतरतं. हे कधी कधी खरंही असतं. कापडाखाली पाटीच्या दगडाच्या तीन जाड फरश्या जोडलेल्या असतात आणि त्या सांध्याला बसकण आली की बॉल आपोआप वळतो. हवा दमट आहे. हेही खरं; पावसाळ्यात लोकरीचं कापड ओल धरतं, बॉल जड चालतो, व्हाइट दोन वीत अलीकडे थांबते. जुलैमध्ये हे कारण बिनतोड आहे. एप्रिलमध्येही ते दिलं जातं. बॉल घाणेरडे आहेत. दिव्याची सावली पडते. शेजारचा शिंकला. बॉलांचा उल्लेख निघालाच आहे म्हणून सांगतो, एकेकाळी ते हस्तिदंताचे असत, आणि त्याला पर्याय शोधणाऱ्याला न्यूयॉर्कच्या एका टेबलवाल्यानं दहा हजार डॉलर देऊ केले होते. त्या खटपटीत जॉन वेस्ली हायट यानं १८६० च्या दशकाअखेरीस सेल्युलॉइड वापरात आणलं. पुढं त्याच सेल्युलॉइडच्या फिती झाल्या आणि त्यांच्यावर १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा हरिश्चंद्र उभा राहिला. म्हणजे मराठी माणसाचं बॉलानं काही वाईट केलेलं नाही. उगाच बॉलाला नावं ठेवू नयेत.

आणि कधी तरी २५६ वेळांतली ती एक वेळ येतेच. ब्रेकवर दोन पडतात. गुंता स्वतःहून फुटतो. एक बॉल दोन कुशनांवरून भलत्याच पॉकेटात जातो आणि माणूस चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही, तेच तर करायचं होतं. सहा, सात. काळा कोपऱ्याशी, व्हाइट सरळ रेषेत. शॉट. काळा आत. व्हाइट टेबलावर, जिवंत. त्यानं स्टिक वर केली, वळून बघितलं. दोस्त खाली पार्किंगला गेलेला, कुणाची तरी गाडी आडवी लागली होती म्हणून. शेजारचे दोघं पैसे देत होते. मार्कर त्यांना सुट्टे मोजून देत होता.

दोस्त वर आला.

"संपवलं," हा म्हणाला.

"काय संपवलं?"

"टेबल. ब्रेकपासून काळ्यापर्यंत. तू नव्हतास."

दोस्तानं टेबलाकडे बघितलं. आपले सातही पट्टेवाले जागच्या जागी आहेत हे मोजलं. मग तो म्हणाला, "काळ्याचं पॉकेट सांगितलं होतंस?"

"कुणाला सांगणार? तू खाली होतास!"

"म्हणजे नाही सांगितलंस. इथं काळ्याला पॉकेट सांगावं लागतं."

"कुठं लिहिलंय?"

दोघंही मार्करकडे गेले. मार्करनं सुट्टे गल्ल्यात टाकले, दोघांचं नीट ऐकून घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, पॉकेटाचं तुमचं तुम्ही बघा. पण तास होऊन अकरा मिनिटं झाली, तर दुसरा तास लावू ना?"

"लाव," दोघंही एकदम म्हणाले.